‘ज्ञानेश्वर’ : एका नावाचा माग कसा काढायचा

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे कांदा-बटाटा विभागात थोडा वेळ उभं राहावं. एकाच माणसाला चार नावांनी हाका मारलेल्या ऐकू येतात. टेम्पोतून गोण्या उतरवणारा हमाल म्हणतो, “माऊली, जरा बाजूला व्हा.” गावाहून बरोबर आलेला सोबती ओरडतो, “ए ज्ञानबा!” घरून फोन येतो तेव्हा पलीकडून नातू ‘नाना’ म्हणतो. आणि आडत्याच्या गाळ्यात दिवाणजी पट्टी लिहायला घेऊन विचारतात, “पूर्ण नाव सांगा.” तेव्हा उत्तर येतं, “ज्ञानेश्वर.”

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारा हिशोबाचा कागद. माल किती आला, काय भाव लागला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात किती उरले, हे सगळं तिच्यावर असतं. तिच्यावर जे नाव लिहिलं जातं, त्याच नावानं बँकेत पैसे जमा व्हायचे असतात. म्हणून चार हाकांपैकी कागदावर कोणतं नाव येतं, याला फार किंमत आहे.

ही चारही नावं एकाच माणसाची कशी, ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मुळात आलं कुठून आणि महाराष्ट्राच्या गावोगावी ते पोचलं कसं, हे आपण क्रमानं पाहू. पद्धत एकदा समजली की आपल्या घरातल्या कोणत्याही नावाचा माग आपल्याला काढता येईल. त्यासाठी संस्कृत यायला हवं असं नाही. वही, पेन आणि घरातली वडीलधारी माणसं एवढं पुरतं.

पायरी पहिली : शब्द फोडून पाहा

कुठलंही नाव हाती घेतलं की आधी त्याचे तुकडे करावेत. ‘ज्ञानेश्वर’मध्ये दोन शब्द आहेत, ‘ज्ञान’ आणि ‘ईश्वर’. ‘ज्ञान’च्या शेवटचा ‘अ’ आणि ‘ईश्वर’च्या सुरुवातीचा ‘ई’ एकत्र येऊन ‘ए’ झाला. दोन शब्द जुळताना अक्षरांत होणाऱ्या अशा बदलाला संधी म्हणतात. महेश, गणेश, सुरेश, रामेश्वर ही नावंही याच रीतीनं तयार झाली आहेत.

‘ज्ञान’ हा शब्द ‘ज्ञा’ या धातूपासून आला. धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ, आणि ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे. या मुळाचं गोत फार दूरवर पसरलेलं आहे. इंग्रजीतल्या ‘नो’ या क्रियापदात सुरुवातीला ‘के’ लिहितात आणि तो उच्चारत नाहीत. तो शब्द आणि इटालियन भाषेतलं ‘कोनोशेरे’ हे क्रियापद, दोन्ही ‘ज्ञा’चे लांबचे भाऊबंद आहेत. तिघांचाही अर्थ जाणणे असाच आहे.

पहिली चूक इथेच होते. ‘ज्ञ’ हे जोडाक्षर ‘ज’ आणि ‘ञ’ मिळून बनतं, पण त्याचा उच्चार प्रांताप्रांताला बदलतो. मराठीत आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’ म्हणतात आणि गुजरातीत ‘ग्न’. त्यामुळे रोमन लिपीत हे नाव कुणी ‘डी-एन-वाय’नं सुरू करतं, कुणी ‘जी-वाय’नं, तर ग्रंथांत ते ‘जे-एन’नं सुरू झालेलंही दिसतं. संगणकाला ही तीन वेगवेगळी नावं वाटतात. माग काढताना तिन्ही रूपं शोधावीत, आणि शक्य असेल तिथे देवनागरीतच शोध घ्यावा.

पायरी दुसरी : नाव मोठं करणारा माणूस शोधा

शब्दकोशातला अर्थ कळला म्हणजे नाव कळलं असं होत नाही. नाव रुजतं ते माणसामुळे. इथे तो माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मार्केट यार्डापासून आळंदी सकाळी निघून दुपारी परतण्याइतकी जवळ आहे.

विठ्ठलपंत कुलकर्णी हे पैठणजवळच्या आपेगावचे. त्यांनी संन्यास घेतला होता आणि गुरूंच्या आज्ञेनं ते पुन्हा संसारात परतले. त्यामुळे आळंदीत त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकलं गेलं. त्यांच्या चार मुलांची नावं पाहा : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. निवृत्ती म्हणजे संसाराच्या ओढीतून मागे येणं, सोपान म्हणजे जिना आणि मुक्ता म्हणजे मोकळी झालेली. चार नावं ओळीनं वाचली की एक वाटच डोळ्यांपुढे उभी राहते.

यात दुसऱ्या मुलाचं नाव ‘ज्ञानदेव’ आहे, हे लक्षात घ्या. ज्ञानेश्वरीत त्यांनी स्वतःचा उल्लेख ज्ञानदेव असाच केला आहे. आज आपण ज्याला ‘ज्ञानेश्वरी’ म्हणतो, त्या ग्रंथाला ‘भावार्थदीपिका’ असंही नाव आहे. ‘देव’च्या जागी ‘ईश्वर’ आला तरी अर्थ तोच राहिला, आणि व्यवहारात ‘ज्ञानेश्वर’ हे रूप घट्ट बसलं.

आता सनावळी. प्रचलित मान्यतेनुसार ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ मधला, म्हणजे इ.स. १२७५. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, इ.स. १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शके १२१८ मध्ये, इ.स. १२९६ साली, आळंदीत त्यांनी संजीवन समाधी घेतली. पुढे ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद वाढले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली.

जुन्या सनांत एक चूक नेहमी होते. शक आणि इसवी सन यांत साधारण ७८ वर्षांचं अंतर आहे. घरातल्या जुन्या पत्रिकेवर किंवा वहीवर शक लिहिलेला असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा दिवस असेल तर ७९ मिळवावेत. एवढं केलं नाही तर पणजोबा खापरपणजोबांच्या आधी जन्मलेले दिसू लागतात.

पायरी तिसरी : नावाची घरगुती रूपं गोळा करा

दप्तरातलं नाव एक आणि ओठांवरचं नाव दुसरं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणून वहीत ‘ज्ञानेश्वर’च्या खाली त्याची सगळी रूपं लिहावीत : ज्ञानदेव, ज्ञानोबा, ज्ञानबा, ग्यानबा, ज्ञानराज, ज्ञानेश आणि माऊली.

‘ज्ञानोबा’तला ‘बा’ आदराचा आणि मायेचा आहे. विठ्ठलाचा विठोबा झाला, तुकारामाचे तुकोबा झाले, तसेच ज्ञानदेवांचे ज्ञानोबा. खंडोबा, म्हसोबा या देवांच्या नावांतही तोच ‘बा’ आहे. देवाला आणि संताला बापाच्या जागी बसवून मारलेली ती हाक आहे.

‘माऊली’ मात्र या सगळ्यांत वेगळी. हा शब्द आईसाठीचा आणि व्याकरणानं स्त्रीलिंगी. तरी महाराष्ट्रानं तो एकविसाव्या वर्षी समाधी घेणाऱ्या पुरुषाला दिला. वारीत कोणीही कोणालाही माऊली म्हणतं, आणि तीच सवय यार्डात बारा महिने ऐकू येते. पाठीवर गोणी घेतलेला हमाल, ओळख नसलेल्या शेतकऱ्याला वाट मागताना ‘माऊली’ म्हणतो, तेव्हा तो नाव न विचारता मान देत असतो. अलीकडे मुलाचं नावच ‘माऊली’ ठेवलेली घरंही आपल्याला भेटतील.

इथेही एक अडचण येते. काही घरांत बारशाला पत्रिकेतल्या अक्षरावरून एक नाव ठेवतात, त्याला जन्मनाव म्हणतात. रोजच्या वापरातलं दुसरं असतं, ते व्यवहारनाव. आजोबांचं ‘खरं’ नाव कोणतं, यावर मग दोन काकांमध्ये वाद होतो. वाद घालू नये. दोन्ही नावं खरी आहेत, म्हणून दोन्ही लिहून ठेवावीत आणि कोणतं कुठे वापरलं गेलं ते शेजारी नोंदवावं.

पायरी चौथी : नाव कोणत्या वाटेनं पसरलं ते पाहा

काही नावं राजांमुळे पसरतात, काही नाटक-सिनेमामुळे. ‘ज्ञानेश्वर’ पायी चालत पसरलं. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १७व्या शतकाच्या अखेरीस ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. १९व्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी आळंदीच्या स्वतंत्र पालखी सोहळ्याला आजची शिस्तबद्ध घडी दिली. ज्या गावांतून पालखी गेली आणि ज्या गावांतून दिंड्या आल्या, तिथे ‘ग्यानबा-तुकाराम’ हा गजर कानांवर पडत राहिला. पाळण्यापाशी नाव सुचवताना तोच आठवला, यात नवल नाही.

पुण्यातल्या बाजाराचा या वाटेशी जुना संबंध आहे. गुलटेकडीला यार्ड होण्याआधी घाऊक भुसार बाजार, म्हणजे धान्य, कडधान्य आणि गुळाचा बाजार, नाना पेठ आणि भवानी पेठेत होता. पुण्यात ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो आणि तुकोबांच्या पालखीचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. ज्या पेठांत पोती उतरायची, त्याच पेठांत पालख्याही उतरायच्या. पुढे बाजार गुलटेकडीला आला, पालख्यांचे मुक्काम पेठांतच राहिले.

सिनेमानंही हातभार लावला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० साली आला. ज्यांना ज्ञानेश्वरी वाचता येत नव्हती, त्यांनाही ही गोष्ट पडद्यावर पाहता आली.

नावाचा असा प्रवास जगात इतरत्रही झाला आहे. इटलीतल्या असिसी गावी पिएत्रो दी बेर्नार्दोने नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याच्या मुलाचं बारशाचं, म्हणजे बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी. बापाचा व्यापार फ्रान्सशी होता, म्हणून त्यानं मुलाला ‘फ्रान्चेस्को’ म्हणायला सुरुवात केली. अर्थ साधा, ‘फ्रान्सचा’. एका व्यापाऱ्याच्या घरातली ती लाडाची हाक होती. त्या मुलानं बापाची संपत्ती सोडली, गरिबी पत्करली आणि तो संत झाला. १२२६ साली तो गेला, १२२८ साली त्याला संतपद मिळालं. ज्ञानदेव जन्मले ते त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत.

पुढे फ्रान्चेस्कोचं फ्रान्सिस्को झालं, फ्रान्सिस झालं. फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले आणि हे नाव कोकण किनाऱ्यावर रुजलं. गोव्यात लोक त्यांना प्रेमानं ‘गोंयचो सायब’ म्हणतात, जसं आपण ज्ञानदेवांना माऊली म्हणतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा असिसीच्या कापडबाजारातली ती हाक मराठी सारस्वताच्या व्यासपीठावर पोचली होती.

पायरी पाचवी : नाव किती चालतं ते मोजा

इटलीत सरकारी सांख्यिकी संस्था दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची क्रमवारी जाहीर करते. तिथे या शतकाच्या सुरुवातीची बरीच वर्षं मुलांमध्ये फ्रान्चेस्को पहिल्या क्रमांकावर होतं. २०१८ साली लेओनार्दोनं त्याला मागे टाकलं. आपल्याकडे अशी सरकारी क्रमवारी निघत नाही. पण आपल्या गावापुरती मोजणी आपण स्वतः करू शकतो.

सगळ्यात सोपं साधन म्हणजे मतदारयादी. तिच्यात मतदाराचं नाव, त्याखाली वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वय असतं. म्हणजे एका चौकटीत दोन पिढ्यांची नावं मिळतात. वहीत तीन रकाने आखावेत : साठीच्या पुढचे, चाळीस ते साठ आणि चाळिशीच्या आतले. प्रत्येक रकान्यात ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा किती ते रेघा ओढून मोजावं. नाव चढतंय की उतरतंय हे एका दुपारी समोर येतं.

दुसरं साधन म्हणजे पाट्या. मार्केट यार्डात गाळ्यांच्या रांगेतून चालत पाट्या वाचा. बऱ्याच पेढ्या आजोबा-पणजोबांच्या नावानं आहेत, चालवणारा नातू असतो. पाटीवरचं नाव आणि गल्ल्यावर बसलेल्याचं नाव, यांतलं अंतर म्हणजे दोन पिढ्यांतला आवडीचा फरक. नातवाचं नाव बहुधा दोन-तीन अक्षरी असतं. ‘ज्ञानेश्वर’चं ‘ज्ञानेश’ झालं ते याच ओढीनं.

मोजताना तीन चुका टाळाव्यात. एक, मतदारयादीत अठराच्या आतली मुलं नसतात, त्यामुळे आजच्या बारशांचा कल तिच्यातून कळत नाही. दोन, एका वारकरी गावाच्या यादीवरून सगळ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढू नये. तीन, ‘ज्ञानदेव’ आणि ‘ज्ञानोबा’ सोडून फक्त ‘ज्ञानेश्वर’ मोजलं, तर आजोबांची पिढी रिकामी दिसेल. तिथे नाव होतं, फक्त रूप वेगळं होतं.

पायरी सहावी : कागदावर नाव नीट उतरवा

इथपर्यंतचा प्रवास आनंदाचा आहे, पण ग्यानबाची मेख आहे ती इथे. सातबारावर ‘ज्ञानोबा’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘ज्ञानदेव’, आधार कार्डावर ‘ज्ञानेश्वर’ आणि बँकेच्या पासबुकात रोमन लिपीतलं चौथंच काहीतरी. माणूस एक असतो, पण संगणकापुढे चौघं उभे राहतात. मग कांद्याच्या पट्टीचे पैसे अडकतात, अनुदान अडकतं, वारसनोंद अडकते.

जुनी चूक दुरुस्त करायची असेल तर आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा. कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा. सातबारावर लेखनाची चूक असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. सुरुवात तलाठी कार्यालयात चौकशीनं करावी. नावच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. त्या राजपत्राच्या आधारे मग एकेक कागद बदलत जावा.

घरात बाळ जन्माला आलं असेल तर सुरुवातच नीट करा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. बारसं लांबलं आणि नाव ठरलं नाही, तरी नोंद थांबवू नये. ती नावाशिवाय होते. नंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यापुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. ‘नंतर पाहू’ म्हणून ही जागा कोरी राहते आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी धावपळ होते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी या कागदाचं वजन आणखी वाढलं आहे. शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. आईचं नाव आता जागेवर आलं, म्हणून तिच्या नावाची अक्षरंही तितक्याच काळजीनं तपासा.

रोमन लिपीतली अक्षरं घरात एकदाच ठरवावीत. ‘ज्ञ’साठी कोणती अक्षरं, ‘श्व’मध्ये ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘ए’ एकदा की दोनदा, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो आई-वडील दोघांच्याही फोनमध्ये ठेवावा. फॉर्म भरताना तोच फोटो समोर धरावा. खिडकीपलीकडच्या माणसाला नाव नुसतं तोंडी सांगू नये. तो ऐकतो तसं टंकतो, आणि गर्दीत ऐकताना ‘द्न्या’चं ‘ग्या’ व्हायला वेळ लागत नाही.

शेवटी एक विनंती. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि एवढंच विचारा : तुमचं नाव कुणी ठेवलं, कुणावरून ठेवलं आणि लहानपणी तुम्हाला काय हाक मारायचे? उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, वहीत लिहून घ्या. सरकारदरबारी नाव असतं, पण ते का ठेवलं हे कुठल्याही दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते त्या माणसालाच ठाऊक असतं.